घरच्या बायबलचं पहिलं पान

आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांपासून सगळ्यांची नावं आहेत. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. वडील थकल्यावर ते पान लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात एका ओळीच्या जागी कागद खरवडलेला आहे. तिथे माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. तिने इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं, त्याच आठवड्यात मी दाढीच्या ब्लेडने ते काढलं. वडिलांनी सांगितलं नव्हतं. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले लोक काय म्हणतील, याची भीती मलाच जास्त होती. वडिलांनी पान पाहिलं आणि न बोलता मिटलं. त्यांच्या त्या गप्प बसण्याला मी वीस-बावीस वर्षं संमती समजत आलो.

गेल्या नाताळाआधी पाळकसाहेबांनी मला उपासनेत येशूची वंशावळ वाचायला सांगितली. इंदुरात आमची मराठी उपासना पंधरा-वीस माणसांची, वाचणारे त्याहून कमी. ती नावांची यादी मी आयुष्यभर गाळूनच पुढे वाचत आलो होतो. सराव करताना ती पहिल्यांदा नीट वाचली. सासऱ्यापासून मुलं झालेली बाई, एक वेश्या, परक्या लोकांतली विधवा, राजाने नवऱ्याला मारवून आणलेली बायको. कुणालाच वगळलेलं नाही. तारणारा ज्या घराण्यात जन्मला, त्याची लाज देवाने लिहून ठेवली होती. लोकांना हे वाचून धीर येत असेल. मला आमच्या पानावरची खरवडलेली ओळ आठवली.

रविवारी उपासना संपल्यावर मी घरचं बायबल घेऊन स्नेहलतागंजात बहिणीकडे गेलो. इतक्या वर्षांत तिच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकत होतो.

"तुझं नाव परत लिहितो," मी म्हणालो. "तुझ्यासमोर."

ती हसली. "अरे दादा, हे काय राशन कार्ड आहे का? मर्जी आली, नाव कापलं. मर्जी आली, जोडलं!"

"माझं चुकलं गं."

"बस, बस. रडू नको, शेजारी बघतील. तुला तर लोकांची फार काळजी." मग ती म्हणाली, "लिही. पण माझ्याखाली माझ्या पोरीचंही लिही."

तिची एकुलती मुलगी सातव्या वर्षी तापाने गेली. बातमी मला त्याच दिवशी कळली होती. तिथे त्यांचे विधी होतील, आपण कसं उभं राहायचं, असं म्हणून मी गेलो नाही. आमच्या घरात तिचा उल्लेख कायम 'तिची मुलगी' असाच झाला.

मी पेन उघडून बसून राहिलो.

"लिही ना, सख्खा मामा आहेस."

"नाव..." मी खाली बघतच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

ती रागावली असती तर मी सोसलं असतं. तिने पेनाचं टोपण उचलून माझ्यापुढे ठेवलं.

"मिट ते पुस्तक, दादा. घरी जा. वहिनी जेवायची थांबली असेल."

कुणाकडेही चौकशी केली तर ते नाव मला कळेल. पण तिच्या आईने जे दिलं नाही, ते दुसऱ्याकडून घेऊन लिहिण्याचा मला अधिकार नाही. देव क्षमा करतो, असं मी मंडळीत पुष्कळदा सांगितलं आहे. आता प्रार्थनेला बसतो, त्या मुलीसाठी काही मागावं म्हणतो, आणि तिला काय म्हणायचं तिथेच अडतो.