चुकलं तर ओरडायचं

अमेरिकेत, ॲन आर्बरला मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, ते ऐंशी ओलांडलेले गृहस्थ एके काळी एका लहानशा कॉलेजात कोच होते. पानगळीत त्यांचा तो हातात बॉल घेऊन धडका द्यायचा फुटबॉल, थंडी पडली की बास्केटबॉल, आणि दोन्हींना तीच पंधरा पोरं, कारण दुसरी धडधाकट पोरंच नव्हती. पहिल्या वर्षी फुटबॉलच्या सगळ्या मॅचेस हरले. कॉलेज त्यांना काढूनच टाकणार होतं, पण बास्केटबॉलला दुसरं कुणी मिळेना म्हणून राहिले. हे ते इतक्या मजेत सांगायचे, जणू दुसऱ्याचीच फजिती.

मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं. गणितातल्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले की बॅग भरून थेट नागपूर. आई-बाबांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होते, कुठल्या तोंडानं परत जाणार? फळ्यावर चूक झाली की माझी दातखीळच बसायची. चूक लपवण्यात मी शाळेपासून पटाईत, छडी चुकवायची असे ना!

चहा पिताना कोचना हे सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये फळा टांगला. रोज चार वाजता मी खडू घेऊन उभी, ते ब्लँकेट पांघरून खुर्चीत, गळ्यात शिट्टी. विषयातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मी थांबले की शिट्टी. त्यांच्या टीमचा नियमच होता: ज्याच्या हातून बॉल सुटला त्यानंच ‘सुटला!’ म्हणून ओरडायचं, म्हणजे बाकीचे धावतात. आठ दिवस माझ्या तोंडून ‘चुकलं!’ निघेना. एकदा तर चिडून खडू फेकला नि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी चारला शिट्टी वाजलीच.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं, हात थांबला. चार प्रोफेसर बघतायत. मी खणखणीत म्हणाले, “इथे माझं चुकलंय. मागून पुन्हा बघते.” त्यातले एक चक्क पुढे सरकले नि विचारू लागले, कुठपासून बघायचं? मग आम्ही पाचही जण त्या ओळीच्या मागे लागलो.

पास झाले! धावत घरी आले आणि दारातच नमस्काराला वाकले. कोचना वाटलं, मी त्यांच्या फुटबॉलमधला, धडकेआधी वाकायचा पवित्रा घेतेय. तेही, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, जमिनीला हात टेकून समोर वाकले, आणि आमची कपाळं आपटली. मी सांगितलं, आमच्याकडे गुरूच्या पाया पडतात. ते तिथेच फतकल मारून बसले. डोळे भरून आले होते.

“आधी मला उठव,” ते म्हणाले, “मग पड.”