पुतळाबाईचा सायब

मुंबईत प्लेग यायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. शिवडीच्या कोळीवाड्यात पुतळाबाई नावाची कोळीण राहायची. तिच्याबद्दल काही सांगायचं तर आधी तिच्या आवाजाबद्दल सांगावं लागेल. डोक्यावर पाटी घेऊन ती परळ-लालबागच्या चाळींतून म्हावरं विकत फिरायची, आणि ती जिन्याशी पोचायच्या आधी तिची हाळी वरच्या मजल्यावर पोचलेली असायची. गिरणीत कामाला आलेले मालवणकडचे लोक म्हणायचे, "उद्या भोंगो बंद पडलो तर सायबान पुतळाबायक गिरणीच्या दारार उभी करूची." पुतळाबाईला याचा राग यायचा नाही, उलट ती जरा फुगायचीच. बोलेल त्याची बोरं विकली जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्या पाटीत तर पापलेट असायचं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा महादेव होडीवर जायचा, सून गुणवंती स्वभावानं गरीब होती, आणि त्या वर्षी घरात नातू आला. त्याचं नाव रीतीप्रमाणे आजोबांचं, धर्मा असं ठेवलं. आता नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं कसं? म्हणून सगळा वाडा त्याला धर्मा म्हणायचा आणि एकटी आजी म्हणायची सायब. गोरा नव्हता, पण रुबाब तसाच होता.

गुणवंतीला दिवस राहिले तेव्हाच पुतळाबाईनं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगून टाकलं होतं, "पोर वर्षाचं होईस्तोवर तुज्या डोक्यावर पाटी चढायची नाय. तुज्या वाट्याचं म्हावरं बी मीच विकीन."

लोकांना वाटलं, सासू मोठी मायाळू. ती मायाळू होतीच, पण यामागे तिचं स्वतःचं एक दुखणं होतं. त्यांच्या घराची पद्धत अशी की बाजाराला जाणारीनं बाजाराला जायचं आणि जी घरी राहील तिनं सगळ्यांची पोरं आपल्या पदराखाली घ्यायची. महादेव अगदी तान्हा असतानाच पुतळाबाईच्या डोक्यावर पाटी आली. थोरली जाऊ काशीबाई एका पायानं अधू, म्हणून घरी राहायची. तिलाही तेव्हाच मुलगी झाली होती. तिनं दोन्ही पोरं पाजली आणि वाढवली. त्यात वावगं काही नव्हतं, सगळ्यांचं असंच चालायचं. पण महादेव एवढा बाप्या झाला तरी होडीवरून उतरला की आधी शेजारी काशीबाईच्या घरात शिरायचा, तिच्या हातची पेज प्यायचा आणि मग आपल्या घरी यायचा. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारी पुतळाबाई या एका गोष्टीवर कधी अवाक्षर बोलली नाही. तिला ते लागायचं, फार लागायचं. तिनं मनाशी ठरवलं होतं, नातू मात्र आपल्याच घरात, आपल्याच आईच्या दुधावर वाढेल.

आणि तो नातूच नीट पिईना.

सुरुवातीचे काही महिने ठीक गेले. मग मान धरल्यावर, नजर खेळू लागल्यावर सायबानं आपले रंग दाखवायला सुरुवात केली. दोन घोट घ्यायचा आणि सोडून द्यायचा. मान वळवून दाराकडं टक लावून बघायचा. परत लावला की पिता पिता घशातून ऊं ऊं असा सूर काढायचा, मुठीनं आईच्या छातीवर थापा मारायचा, स्वतःचा कान ओढायचा, पाय झाडायचा. मधेच थांबून हसायचा आणि तोंडातलं दूध हनुवटीवरून गळ्यात जायचं. पुतळाबाई बाजारातून आली की पाटी टेकवून आधी सुनेसमोर ठाण मांडायची आणि हा सगळा तमाशा बघायची.

"काय गो, परत सोडला त्यानं? बग, बग, तोंड फिरवतंय. दूद कडू झालंय का तुजं?"

गुणवंती खाली मान घालून पोराला परत पदराखाली घ्यायची. पोर परत तोंड बाहेर काढायचं.

मग उपाय सुरू झाले. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. गुणवंतीला रोज मुशी माशाचं कालवण, कारण त्यानं दूध उतरतं. ती बिचारी आंबट चेहऱ्यानं खायची, तिला मुशी मुळात आवडत नव्हती. आळिवाची खीर झाली. वाड्यातल्या एका म्हातारीनं सांगितलं, दुधाचे थेंब मुंग्यांच्या वाटेवर टाका, दूध बिघडलं असेल तर मुंग्या शिवणार नाहीत. पुतळाबाईनं तेही केलं. मुंग्यांची रांग आली आणि दूध चाटून-पुसून गेली. कुणाचंही समाधान झालं असतं, पण पुतळाबाई म्हणाली, "मुंग्यांचं काय, त्या वाळूत सांडलेला रस्सा बी खातात."

खरं सांगायचं तर पोर गुबगुबीत होतं. मांड्यांना वळ्या पडल्या होत्या, दिवसभरात दुपट्यांचा ढीग ओला करायचं. पण पुतळाबाईला वळ्या दिसत नव्हत्या, तिला नुसतं ते फिरवलेलं तोंड दिसायचं.

एक दिवस काशीबाई काठी टेकत आली, पोराकडं बघत बसली आणि सहज म्हणाली, "पुतळे, आमच्या सुभद्रेला दूद मायंदाळ हाय. तिच्या पोरीला पुरून उरतंय. याला बी घेईल ती."

सुभद्रा काशीबाईची सून. बोलणं साधं होतं आणि चांगल्या मनानं केलेलं होतं. पण पुतळाबाईला वेगळंच ऐकू आलं. म्हणजे परत तेच. हाही त्या घरात वाढणार, हाही मोठा झाल्यावर आधी त्या दारात शिरणार. ती एवढंच म्हणाली, "बगू." गुणवंतीनं चमकून सासूकडं पाहिलं, कारण एका शब्दात बोलणं संपवलेली सासू तिनं आजवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईचं बाजारात लक्ष नव्हतं. नेहमीची गिऱ्हाइकं घासाघीस करत होती आणि ही चक्क ऐकून घेत होती. लालबागच्या एका मालवणी बाईनं विचारलंही, "बरा नाय काय गो तुका?" हट्ट आपला आणि उपाशी राहतंय पोर, हे तिला सलायला लागलं होतं. परत येता येता तिनं मन घट्ट केलं. पोराच्या पोटापुढं आपला मान कसला? घरी न जाता ती तशीच काशीबाईकडं गेली.

काशीबाई अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. पुतळाबाईनं पाटी उतरवली आणि तीही बोंबील लटकवू लागली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती, पण आज ती वाऱ्याबद्दल बोलली, मिठाबद्दल बोलली, मांजरांबद्दलही बोलली. शेवटी काशीबाईच म्हणाली, "पोराचं बोल की."

"बाय, तूच घे त्याला," पुतळाबाई म्हणाली. "सुभद्रेकडं दे. दोन घोट पितंय आन् दाराकडं बगतंय. थापा मारतंय, ऊं ऊं करतंय. मला काय कळतं? मी कुटं पोर पाजलंय नीट?"

काशीबाईचा हात थांबला. मग ती हसली. "ऊं ऊं करतंय? आन् कान वडतंय?"

"हां."

"मग खाण तशी माती. म्हादेवाचंच पोर ते. त्यो बी अस्साच. माजी पोर एका बाजूला गप पियाची, आन् तुजा पोऱ्या गाणी म्हणायचा, मला बुक्के घालायचा. मी म्हणायची, पोर हाय का ढोलकीवाला."

पुतळाबाईला थोडं हसू आलं. "आन् दाराकडं?"

बोंबलांची एक जोडी काशीबाईनं उगाच दोनदा लावली.

"दाराकडं बी बगायचा," ती म्हणाली. "तू बाजारातून आलीस का कोपऱ्यावरनं तुजा आवाज यायचा. कुणाशी ना कुणाशी बोलत यायचीस तू. आवाज आला का पोऱ्या पिता पिता सोडायचा आन् मान वळवायचा. मी परत लावायची, त्यो परत सोडायचा. तू दारात येस्तोवर तोंड लावायचा नाय."

पुतळाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "मला कवा बोलली नायस."

"कशी बोलणार?" काशीबाई म्हणाली. "माज्या पदराखाली तेवढाच येळ असायचा त्यो. त्यात बी तुजीच वाट बगायचा. वाईट वाटायचं मला."

बोंबील लावून संपले. पुतळाबाईनं पाटी उचलली. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि यातलं काय आधी करावं हे तिला कळत नव्हतं.

घरी जाताना तिनं वाटेत कुणालाही हाक मारली नाही. मागच्या दारानं, पाय न वाजवता आत गेली आणि कुडाच्या आडून बघत राहिली. गुणवंती भिंतीला टेकून पोराला पाजत होती. सायब ऊं ऊं करत होता, मुठीनं ताल धरत होता, पण पीत होता. घोटामागून घोट, डोळे अर्धे मिटून, मजेत पीत होता. पुतळाबाईनं इतके दिवस पाहिलं नव्हतं ते हे. पाहणार कसं, ती पाहायला आली की तिचा आवाज तिच्या आधी आत यायचा.

तिला राहवलं नाही. "गुणवंती," ती हळू म्हणाली. तिचं हळू म्हणजे आपलं मोठ्यानं.

पोरानं झटक्यात सोडलं, मान वळवली, आजीला पाहिलं आणि दूधभरल्या तोंडानं हसलं.

गुणवंतीनंही वर पाहिलं. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तुला म्हाईत होतं," पुतळाबाई म्हणाली.

"व्हय, आत्याबाय. तुमी घरात नसता तवा पितो त्यो पोटभर."

"मग बोलली का नाय? इतकी मुशी खाल्लीस ती?"

"कसं बोलू? तुमी माज्यासाठी दोगींची पाटी वाहता. आन् मी तुमालाच सांगू, गप बसा म्हणून?"

पुतळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि ती हसत सुटली. पोरही हसायला लागलं, म्हणजे त्या वेळचं दूधही राहिलंच. त्या दिवसापासून मुशी बंद झाली. पुतळाबाई कोपऱ्यावरून गुपचूप घरी येऊ लागली. आळीत दोघा-तिघांनी तब्येतीची चौकशी केली.

त्याच संध्याकाळी भरतीबरोबर होड्या आल्या. महादेव जाळं खांद्यावर टाकून वर आला आणि नेहमीप्रमाणे काशीबाईच्या घरात शिरला. एरवी अशा वेळी पुतळाबाई चुलीपाशी काहीतरी काम काढून पाठ फिरवून बसायची. आज ती पदर खोचून बाहेर आली आणि काशीबाईच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. महादेव मांडी घालून बसला होता, पेजेचं वाडगं दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावलेलं. शेजारी काशीबाई बसली होती.

"म्हाद्या," पुतळाबाईनं आपल्या नेहमीच्या आवाजात हाक मारली.

महादेवानं वाडगं खाली केलं. मिशीला पेज तशीच लागलेली. मान वळवून तो दाराकडं बघू लागला. काशीबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, आणि पदरानं डोळे टिपत हसली.

"काय गो आये?" महादेव म्हणाला.

"काय नाय," पुतळाबाई म्हणाली. "पी आदी. मी हाय हितंच."