कंट्रोलरसाहेबांचा राउटर

जाफराबादच्या स्टँडवर ज्यानं एकदा तरी एसटीची वाट बघितली असेल, त्याला वामनरावांचा आवाज माहीत असणारच. कंट्रोलरच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. आवाज इतका खणखणीत, की रस्त्यापलीकडे भाजी घेणाऱ्या बाया पिशव्या सावरत पळत यायच्या. ड्रायव्हर-कंडक्टरांचं कौतुक करायची त्यांची रीत एकच. अमका कसा माणूस आहे हो, असं विचारलं की म्हणायचे, "वेळेवर येतो." बस्स. त्याहून मोठं सर्टिफिकेट त्यांच्यापाशी नव्हतंच.

गाडी लेट झाली की मात्र पंचाईत व्हायची. तेव्हा कुठले आले मोबाईल! गाडी भोकरदनला उभी आहे की वाटेत पंक्चर झालीय, देव जाणे. लोक खिडकीशी गर्दी करायचे, आणि वामनराव चेहऱ्यावरची माशी हलू न देता सांगायचे, "निघालीय तिकडून, येतेय." लोक गपगुमान बाकावर जाऊन बसायचे. अरुंधतीबाई, त्यांच्या पत्नी, घरी रागवायच्या. "माहीत नसताना सांगता कशाला हो?" यांचं उत्तर ठरलेलं. "अगं, येतेय म्हटलं की माणूस बसून तरी राहतो."

असा हा माणूस रिटायर झाला, आणि थोड्याच दिवसांत अरुंधतीबाई गेल्या. पुण्याहून एकुलता एक मुलगा अद्वैत आला, सून यशश्री आली. तेरावं झालं. निघायच्या गडबडीत अद्वैतनं फ्रिजवर एक पांढरा कॅमेरा बसवला. मान वळवणारा. "बाबा, मी फोनवरून इकडे-तिकडे फिरवून बघू शकतो. तुम्ही एकटे आहात असं समजूच नका," म्हणाला आणि गाडीत बसला. यांनीही समजायचं न्हाई असं ठरवलं, पण घर काय ठरवल्यानं भरतं का?

वामनराव ओट्यापाशी उभ्यानंच जेवू लागले. कुकरमधली खिचडी कुकरमध्येच चमचा घालून. कोण बघतंय!

तर कोणीतरी बघत होतं. एका संध्याकाळी ते असेच कुकरशी उभे असताना फ्रिजवर खर्र झालं. बघतात तो कॅमेऱ्यानं मान वळवलेली, भिंग थेट यांच्यावर. वामनराव असे ओशाळले, की काय सांगावं! आणि आपल्याकडची रीत अशी, की आपण जेवत असताना कोणी आलं तर त्याला बोलावल्याशिवाय घास उतरत न्हाई. तोंडात घास तसाच, आणि ते बोलून गेले, "ये रे अद्वैत, जेवायला."

दुसऱ्या दिवसापासून ताट आलं. ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आली. इस्त्रीचा शर्ट आला. स्टँडवरची सातची गाडी निघायच्या वेळेला वामनराव पाटावर बसायचे आणि जरा वेळानं खर्र व्हायचं. "ये जेवायला," म्हणून ते पहिला घास घ्यायचे. मग गप्पा. "आज मेथी केली बघ. तुझ्या आईसारखी न्हाई जमली, पण बरी आहे." एकदा ताट वर धरून दाखवलं, तर कॅमेऱ्यानं मान खाली केली आणि नीट बघितलं. वामनरावांना त्या रात्री शांत झोप लागली.

वर्ष असंच गेलं. रविवारी अद्वैतचा फोन यायचा. हे विचारायचे, "परवाची भरली वांगी बघितलीस ना?"

"हो हो बाबा, बघितली. जरा बाहेर आहोत, नंतर करतो हं."

नंतर फोन यायचा न्हाई, पण वामनरावांची तक्रार नव्हती. रोज संध्याकाळी येणाऱ्या पोराकडून फोनची काय अपेक्षा करायची? शेजारच्या बेबीनंदाबाई कुंपणावरून विचारायच्या, "भाऊजी, अद्वैतचं काय म्हणणं?" वामनराव मान ताठ करून म्हणायचे, "पोरगा वेळेवर येतो." बेबीनंदाबाईंना काही उमगायचं न्हाई. त्या हसून मान डोलवायच्या.

मंग घोटाळा झाला तो राउटरचा. इंटरनेट जोडून गेलेल्या माणसानं कधीकाळी बसवलेला तो डबा. लाइट गेली की मरायचा आणि लाइट आली तरी उठायचा न्हाई. कॅमेऱ्याचा दिवा लाल. वामनराव ताट वाढून बसले, वाट बघितली, आणि वरणावर साय धरली तसे न जेवताच उठले. सलग दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि वसंताचं मोबाईलचं दुकान गाठलं.

वसंतानं दोन डबे समोर ठेवले. वामनरावांनी त्याचा घामच काढला. गाडी फलाटाला लावण्याआधी टायर तपासावं तशी चौकशी. "लाइट जाऊन आली की आपणहून चालू होतो? स्वयंपाकघरापर्यंत मधे दोन भिंती आहेत, रेंज पोचेल? कंपनी मागाहून त्याच्यात दुरुस्त्या पाठवते की विकला की विसरली? बिघडला तर बदलून कोण देणार, तू का कंपनी?"

"हे सगळं पाहिजे असंल तर हा घ्या," वसंता म्हणाला. "खर्च जास्तीचा हाय, पण ह्याच्यात फायरवॉल चांगली हाय. म्हंजी दारावरचा माणूस समजा. तुम्ही आतून कुणाला बोलवलं तरच आत सोडतो. बाहेरून कोणी आपल्या मनानं आलं तर बिलकुल घुसू देत न्हाई. तुमच्या जुन्या डब्याला असलं काहीच नव्हतं. सताड उघडं दार."

"घरच्या माणसाला अडवणार न्हाई ना?"

"घरच्याला कशाला अडवील, काका?"

झालं, महागाचा डबा घेतला. वसंतानं घरी येऊन बसवला, पासवर्ड बदलला, फायरवॉल चालू केली. कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला. त्या दिवशी वामनरावांनी मुद्दाम पुरण घातलं. एकट्या माणसानं पुरण घालायचं म्हणजे काय उपद्व्याप असतो, ते करणाऱ्यालाच विचारा. ताट वाढलं. सातची गाडी गेली. कॅमेरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

वामनराव दुकानात शिरले ते आवाज चढवूनच. "वसंता, तुझी ती फायरवॉल माझ्या पोराला अडवून राह्यली! काढ ती आधी!"

वसंता बिचारा दुकान टाकून आला. राउटर बघितला, कॅमेरा बघितला, डोकं खाजवलं. "सगळं बराबर हाय, काका. अद्वैतदादाला ॲप उघडायला सांगा, इथं चित्र येतंच."

फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. वामनराव म्हणाले, "अरे, तीन दिवस तुला आत येता येईना, तर सांगायचं तरी! वसंता आलाय, तो दुरुस्त करून देतो."

"कशात आत येता येईना, बाबा?"

"कॅमेऱ्यात. रोज संध्याकाळी येतोस ना."

मग अद्वैत हळू म्हणाला, "बाबा... नवा फोन घेतल्यापासून ते ॲप टाकलंच न्हाई मी. वर्ष झालं असेल. राहूनच गेलं."

"आणि वांगी? तू म्हणालास बघितली."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो हो मी."

वसंतानं कॅमेरा हातात घेऊन उलटा केला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, हा आपल्या आपण मान वळवणारा न्हाई. कोणीतरी वळवल्याबिगर हलतच न्हाई हा. ह्याचा पासवर्ड खोक्यावर छापलेला, तोच अजून. जुन्या डब्यातून कोणीबी आत येऊन बघत असंल." फोनमधून अद्वैत ओरडायला लागला. "बाबा, आत्ताच्या आत्ता काढून टाका तो कॅमेरा! कुठला कोण माणूस रोज घरात बघत होता! वसंतादादा, काढा तो! बाबा, ऐकताय ना? मी आजच ॲप टाकतो. रोज बघतो. शनिवारी येतो मी."

वामनराव पाटावर टेकले. भीती वाटायला हवी होती, ती वाटली न्हाई. वाटली ती लाज. मेथी दाखवली, शर्टाला इस्त्री केली, अरुंधतीबाईंची आठवण काढून ज्याच्यासमोर एकदा डोळे पुसले, तो कुठल्या मुलखातला कोण, त्याला मराठी तरी कळत होतं की न्हाई! आणि लाजेच्या खाली जे होतं, ते फार दुखत होतं.

"काका, बचावलात," वसंता म्हणाला. "चोरच असणार. घरात काय हाय, काय न्हाई, बघून ठेवत असंल."

"असेल," वामनराव म्हणाले. "पण वेळेवर यायचा."

वसंतानं कॅमेऱ्याचाही पासवर्ड बदलला, कॅमेरा परत फ्रिजवर ठेवला. "बस, जेवून जा," वामनराव म्हणाले. दुकान उघडं टाकलंय म्हणून तो निघाला.

शनिवार आला. वामनरावांनी दोन ताटं घासून ठेवली. दुपारी अद्वैतचा मेसेज आला, ऑफिसचं काम निघालंय, पुढच्या शनिवारी नक्की. संध्याकाळी स्टँडवरची सातची गाडी गेली. कॅमेरा कॅलेंडरकडेच बघत होता. कुंपणावरून बेबीनंदाबाईंनी हाक मारली, "भाऊजी, आज अद्वैत येणार होता ना? आला का?"

वामनराव दारात आले. घसा साफ केला. खिडकीतला तो जुना खणखणीत आवाज कितीतरी दिवसांनी गल्लीत ऐकू आला.

"निघालाय तिकडून," ते म्हणाले. "येतोय."

मग आत जाऊन ते बसून राहिले.