दीपकचे केस परत आले तेव्हा…

शांती नगरहून आईचा फोन आला तेव्हा मी इंद्रलोक वसाहतीतल्या माझ्या घरी चपात्या लाटत होते. "दीपक हलत नाही गो," एवढंच म्हणाली. रिक्षा करून पोचले, तोवर माझा धाकटा भाऊ गेलेला होता... त्याला आता महिना उलटला.

दीपकला पंचविशीतच टक्कल पडायला लागलं. स्थळं यायची, फोटो बघून गप्प व्हायची. मग आमचा हा शहाणा कुणालाही न सांगता केस लावून घेऊन आला. तेव्हाची पद्धत ओबडधोबड. डोक्यामागून केसांसकट कातडीचे गोल तुकडे काढायचे आणि पुढे बसवायचे; बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुबके दिसायचे. रत्नागिरीला अर्धा जन्म भातलावणी केलेली आमची आई बघतच राहिली. म्हणाली, "एका ठिकाणी एवढी रोपं? कुणी लावली रे ही?" हसून हसून पुरेवाट झाली. तोही हसला, पण पुढे कित्येक वर्षं टोपीशिवाय घराबाहेर पडला नाही.

मग तंत्र सुधारलं. मागचं एकेक मूळ सुटं काढून, केस ज्या दिशेने वाढतात तसं तिरकं बसवायला लागले. हा पुन्हा गेला. डॉक्टरांनी समजावलं होतं, मागचे केस सहसा गळत नाहीत, पुढे लावले तरी स्वभाव सोडत नाहीत. पण ते मोजकेच असतात, नवे कुणी तयार करत नाही, फक्त जागा बदलते. आईला हे लगेच पटलं. तरवा, म्हणजे उपटून लावायची रोपं, संपला की लावणी संपली! या खेपेला केस असे झकास आले, की कपड्यांच्या दुकानात काउंटरला उभा राहून हा गडी दर गिऱ्हाइकामागे भांग सारखा करायचा. लग्नाचं वय तेवढं निघून गेलं होतं.

आणि कॅन्सर निघाला. केमोत सगळेच केस गेले, लावलेलेसुद्धा. उशीवरचे केस गोळा करत त्याने विचारलं, "ताई, हे तर गळणार नव्हते ना?" मी उशीचा अभ्रा बदलला.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. औषधाचा आता उपयोग नाही, थांबवू या, म्हणाले. घरी मी सांगितलं, शरीराला जरा विश्रांती देतायत... औषध थांबलं आणि थोड्या दिवसांनी केस यायला लागले. मऊ, तान्ह्या बाळासारखे. तो सारखा आरशापुढे. नवा कंगवा मागवला. "सुधारतोय मी, ताई," म्हणाला. मी म्हटलं, "हो रे." दुसरं काय म्हणणार होते? केस येतायत, कारण आता कुणाच्याच हातात काही उरलं नाहीये, हे त्या हसऱ्या तोंडाकडे बघून सांगायची ताकद माझ्यात नव्हती.

तो कंगवा अजून बेसिनपाशी आहे. दातांत त्याचे आखूड केस अडकलेत, आई कुणाला धुवू देत नाही. मी शांती नगरला गेले की ती तो कंगवा हातात घेऊन बसते आणि दर वेळी तेच विचारते, "केस तर येत होते गो... मग गेला कसा?"