हवालदारसाहेबांची पायांची परेड

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी मी सैन्यातून सुटलो. मलमपट्टी करणारा नायक होतो, म्हणून चिंचवडच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत नोकरी मिळाली. राहायला तळेगावात होतो. सकाळच्या गाडीनं यायचो आणि मालधक्क्याजवळून चालत कारखाना गाठायचो.

मालधक्क्याच्या शेडखाली एक माणूस राहायचा. पन्नाशीचा असेल. एक दिवस तो कांबळ्याची घडी घालत होता. चारही कोपरे असे जुळवले, की मी थांबलोच.

"कुठली पलटण, साहेब?"

"विचारणारा कोण?"

"नायक. मलमपट्टीवाला."

"मी हवालदार. आधी नीट उभा राहा, मग विचार."

मी पिशवी खाली ठेवून ताठ उभा राहिलो. तेव्हा कुठे ते हसले.

हळूहळू कळलं. ते सीमेवर असताना बायको वारली. सुटून आल्यावर साताऱ्याकडच्या गावी भावाचं घर होतं. "पण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं जेवावं लागायचं," असं म्हणाले. कारखान्यात काम मिळेल म्हणून इकडे आले, तर सगळीकडे वय आडवं आलं. परत जायची लाज वाटली.

त्यांच्या घोट्याला चिंधी बांधलेली होती. खाली जखम, महिनाभराची. हातापाया पडून आमच्या कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. लघवीत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड चहा आणि बिडी बंद करायला सांगितलं.

बाहेर येताच हवालदारसाहेबांनी बिडी पेटवली. "नायकाचं ऐकून हवालदार बिडी सोडत नसतो."

ते खरंच होतं. मी हुकूम देऊ शकत नव्हतो. मग म्हटलं, "साहेब, मलाही तंबाखू सुटत नाही. माझ्यावर नजर ठेवाल का? मी तुमच्यावर ठेवतो."

हे त्यांना पटलं. रोज सकाळी मी पट्टी बदलायचो आणि ते माझी तपासणी करायचे. आठव्या दिवशी भर फलाटावर, शिफ्टला निघालेल्या लोकांसमोर, ते गरजले, "तोंड उघड!" मी गुपचूप थुंकून आलो. लोक हसत होते, मीही हसलो. त्यांनी मात्र तोवर एकही बिडी ओढली नव्हती.

दीड महिन्यात जखम भरली. आता प्रश्न छपराचा होता. स्टेशनजवळ स्कूटर दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते; त्यांच्या गॅरेजमागे खोली रिकामी होती. मी बोलून ठेवलं, पण हवालदारसाहेब अडले. "उपकाराची खोली नको."

मिस्त्री म्हणाले, "उपकार कसला, हवालदारभाऊ? माझे पाने रोज गायब होतात. तुम्ही सांभाळा. मला तुमच्यासारखा खमका माणूसच पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाना त्याच्या खिळ्यावर लटकू लागला. न विचारता पाना उचलला, तर खुद्द मिस्त्रींनाही बोलणी बसत.

आणखी दोन सुटलेले जवान असेच आसपास पडून होते, एक ट्रकच्या अड्ड्यावर, एक चऱ्होलीच्या देवळात. हवालदारसाहेबांनी स्वतःच त्यांना शोधून आणलं. मग दर रविवारी गॅरेजसमोर परेड सुरू झाली. "बूट काढा!" सगळे बाकावर बसत, हवालदारसाहेब तळपाय उलटेपालटे करून पाहत आणि फोड दिसला की मला हाक मारत. ट्रकच्या अड्ड्यावरचा जवान एकदा कुरकुरला, "पाय माझा हाय, साहेब." उत्तर आलं, "चालायचंय आपल्याला बरोबर. सगळ्यांचा आहे तो."

मी त्यांच्या भावाला पत्र टाकलं होतं. त्यांना न विचारता, हे कबूल करतो. एका सकाळी भाऊ ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन आला आणि दारातच रडू लागला. "दादा, घरी चला."

हवालदारसाहेबांनी पिठाची पिशवी त्याच्या हातातून घेऊन आत ठेवली. मग म्हणाले, "दिवाळीला येतो. पण चारच दिवस हं. रविवारी ड्युटी असते."

दिवाळीला ते गेले. पाचव्या दिवशी डबाभर चिवडा घेऊन गाडीतून उतरले. सगळा चिवडा आम्हालाच वाटला.