पाठमोरा पियानोवाला

आमचा पियानोवाला एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत एकोणीस वर्षं वाजवत होता, आणि त्या एकोणीस वर्षांत त्याला कुणीही ऐकलं नाही. ही तक्रार नव्हे, नोकरीची अटच तशी होती. मॅनेजरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की लोकांनी टाळ्या वाजवल्या तर समज, तू फार जोरात वाजवतोयस. तेव्हापासून गडी कुंडीतल्या झाडासारखा भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याच्या पाठीमागे लग्नं जुळायची, भागीदाऱ्या मोडायच्या, आणि हा आपला हलक्या हाताने सूर पसरत राहायचा. एकदा एका पाहुण्याने बोलण्याच्या नादात आपला ओला कोट त्याच्या खांद्यावर टाकला. याने गाणं संपेपर्यंत तो सांभाळला आणि मग नेऊन खुंटीला लावला.

पुढे हॉटेलवाल्यांनी भिंतीत स्पीकर बसवले आणि याला निरोप दिला. वय एक्केचाळीस, लग्न नाही, घरात एक खोली आणि एक टेबलफॅन. नात्याचं माणूस म्हणजे थोरली बहीण, तीही फोनवर. त्याने संगीतोपचाराच्या अभ्यासक्रमाला नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "तुझ्या वाजवण्याने माणसं बरी होत असती, तर आपले बाबा कधी आजारीच पडले नसते."

वर्गात सगळे कुठून ना कुठून आलेले. एक नर्स होती, तिला इंजेक्शनं देण्याचा कंटाळा आला होता. शाळेत गाणं शिकवून घसा बसलेल्या एक बाई होत्या. मानसशास्त्राची पदवी घेतलेली एक मुलगी होती, तिला सगळ्यांच्या मनातलं कळायचं, फक्त ताल कळायचा नाही. सगळे याला काका म्हणायचे. काका वाजवण्यात पहिले आले आणि रुग्णासमोर बसण्यात नापास झाले. या विद्येचा पहिला धडा असा, की रुग्णाच्या समोर बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं, त्याचा श्वास बघून सूर धरायचा. आणि यांची हयात भिंतीकडे बघण्यात गेलेली. परीक्षकांनी शेरा मारला: हात उत्तम, नजर गैरहजर.

मग त्याने घरी खुर्चीवर एक शर्ट अडकवला आणि रोज संध्याकाळी त्या शर्टाकडे बघून एका जुन्या कीबोर्डवर वाजवू लागला. सहा महिन्यांनी शर्टाशी त्याचं बरं जमलं. माणसांशीही जमू लागलं. दोन वर्षं आणि शेकडो तासांचं बिनपगारी काम संपवून तो एका रुग्णालयात लागला. तिसऱ्या मजल्यावर एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवायची खोली होती, तिथे भिंतीला लावून एक पियानो आणि तीन खुर्च्या मांडून दिल्या.

तिथेच त्याच्याकडे लिफ्टवाले आजोबा आले. आयुष्यभर एका कचेरीची लिफ्ट चालवलेला माणूस. मेंदूला झटका आला आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणत होते, जीभ ठीक, घसा ठीक, शब्द येऊ शकतात, पण येत नाहीत. त्यांची मुलगी परगावी नोकरी करायची. तिची रजा तीन आठवड्यांनी, शनिवारी संपत होती. तिने पियानोवाल्याला सरळ सांगितलं, की चार शब्द जरी बोलले तरी मी त्यांना माझ्याकडे नेईन. "पण दुखलं-खुपलं सांगता येत नसेल, तर दिवसभर घरी एकटं कसं ठेवू?" मग वृद्धाश्रम. तिथला फॉर्म तिच्या पिशवीत होता.

पियानोवाला तीन आठवडे त्यांच्यासमोर बसला. खुर्ची त्यांच्याकडे वळवून एका हाताने सूर धरायचा, मुलीने सांगितलेली जुनी गाणी म्हणायचा, आणि ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडून थांबायचा. ही पद्धत नामी आहे, भले भले त्या रिकाम्या जागेत शब्द टाकतात. आजोबा मात्र, मजला न सांगता आत येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तसे, अदबीने बघत राहायचे. त्या चेहऱ्याची एकेक सुरकुती याला पाठ झाली.

शुक्रवार शेवटचा. अर्ध्या तासातली वीस मिनिटं गेली, ओळींचे शेवट तसेच लोंबकळत राहिले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलगी रडू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. आता रडत्या बाईकडे बघावं की बघू नये, हे अभ्यासक्रमात नव्हतं. लॉबीत होतं. पियानोवाल्याने खुर्ची भिंतीकडे वळवली, दोघांकडे पाठ केली आणि कुणाचंही नसलेलं काहीतरी अगदी हळू वाजवायला लागला. पुस्तकाप्रमाणे हा गुन्हा होता. परीक्षकांनी पुन्हा नापास केलं असतं.

थोड्या वेळाने मागून एक गंजलेला आवाज आला.

"नाक पूस."

मग बरंच थांबून, "रुमाल... माझ्या खिशात."

पियानोवाल्याला मान वळवून बघावंसं फार वाटलं. पण वाजवणाऱ्याने मागे बघितलं की बोलणारे गप्प होतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? समोरच्या भिंतीवर आग लागल्यास काय करावे याची सूचना होती. ती त्याने सतरा वेळा वाचली. मागे आजोबा अडखळत विचारत होते: किती वाजताची गाडी, सोबत कोण, जेवलीस का. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. पायाला गोळा आला. नर्सने दार किलकिलं केलं, तिला त्याने भुवयांनीच परत पाठवलं.

मग आजोबांच्या चाकाच्या खुर्चीची कुरकुर झाली, दार उघडलं, बाहेर एकच गलका. डॉक्टर नव्या गोळ्यांचं कौतुक करत होते, जिभेचे व्यायाम घेणाऱ्या बाई आपल्या व्यायामांचं. आत पियानोवाला अजून वाजवत होता. न जाणो, थांबलो आणि तिकडे बोलणं थांबलं तर?

मुलगी पिशवी घ्यायला परत आली आणि दचकली.

"तुम्ही इथेच होतात?"

"हो."

"बाबा बोलले. उद्या घरी नेतेय." तिने डोळे पुसले, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होतात."

तो "हो" म्हणाला. मग त्याने झाकण लावलं, लंगडत उठला आणि बाहेर ताटकळलेल्या पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.