भिंतीवर फणी फिरवणारे भाऊ

सपाट भिंत दिसली की जीव कासावीस होणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो. घुग्घुसला कोळशाच्या खाणीत नोकरी. पाळी संपवून घरी आले की तोंडावरची धूळ धुण्याआधी पुट्टी कालवायला घेतात. ओल्या पुट्टीवर नक्षी उठवायला त्यांना काहीही चालतं : चुरगळलेलं वर्तमानपत्र, पोत्याचा तुकडा, दाणे काढलेलं मक्याचं कणीस. एकदा वहिनींच्या फणीच्या दातांत पुट्टी वाळली, तेव्हा त्यांनी भाऊंना नवी आणायला पाठवलं. भाऊ बारीक दातांची आणि मोठ्या दातांची अशा दोन घेऊन आले आणि दोन्ही भिंतीसाठी ठेवून घेतल्या. घुग्घुसची काळी धूळ या खाचांत जाऊन बसते, अशी तक्रार मी केली, तर म्हणाले, "बसू द्या ना जवाई. रंगाले शेड येऊन राह्यला."

अहेरीला नात्यातल्या एका मुलीसाठी मुलगा पाहायला गेलो होतो. आम्ही मुलाची नोकरी, शेती, स्वभाव विचारत होतो आणि भाऊ त्यांच्या बैठकीच्या भिंतीवरून हात फिरवत होते. शेवटी मुलाच्या वडिलांनीच त्यांचं मत विचारलं. मुलगा चांगला आहे, पण या खोलीला वाळूचं खरबरीत काम शोभेल, असं भाऊंनी गंभीरपणे सांगितलं. लग्न जमलं. भाऊ मात्र वऱ्हाडाच्या आठवडाभर आधीच तिथं जाऊन बसले.

आमच्या सासूबाईंना हे वेड बिलकुल पसंत नव्हतं. त्यांचा सगळा जन्म कुरखेड्याकडे धानाच्या बांधीत राबण्यात गेलेला. पोरगा चांगल्या भिंती खराब करतो, एवढंच त्या म्हणायच्या. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. भाऊंनी गावचं घर बंद करून त्यांना घुग्घुसला आणलं. पण कोणी हात धरून चालवलेलं त्यांना खपेना. सुनेला हाक मारायला लागू नये म्हणून त्या तहान मारत खाटेवर बसून राहायच्या. बोलणंही कमी झालं.

भाऊंनी रजा टाकली. खाटेपासून निघणाऱ्या भिंतींवर, आईचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, त्यांनी पट्टे काढले. स्वयंपाकघराकडे फणीच्या लाटा, न्हाणीकडे वाळूचा खरबरीतपणा आणि अंगणाकडे धानाच्या लोंब्या, दाणा न् दाणा हाताला लागेल अशा. सासूबाईंनी पहिले काही दिवस तिकडे हातही नेला नाही.

एका सकाळी आम्ही तिथंच होतो. खाट रिकामी दिसली म्हणून सगळे धावलो. सासूबाई अंगणाच्या दारात उभ्या होत्या, एकट्या.

"धान लागला हाताले," त्या म्हणाल्या. "मंग समजलं, आंगण आलं."

भाऊ आत जाऊन उगाच पुट्टी ढवळत बसले.

आता त्या घरभर फिरतात, सुनेच्या स्वयंपाकात चुका काढतात. फक्त अंगणाकडे निघाल्या की वाटेत थांबतात. एकेका लोंबीवरून बोटं फिरवत, गावाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहतात. चहा निवत असतो. त्यांना कोणी हाक मारत नाही.